गहाण नोंदवहीतली पंचवीस वर्षं

स्मरणिका समितीची मुलं घरी आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही पहिल्या दिवसापासून आहात, सोसायटीचा इतिहास तुम्हीच लिहा." मी आधी नाहीच म्हटलं. पाण्याच्या टाकीचा, लिफ्टचा आणि गणेशोत्सवाचा इतिहास लिहायला माझ्यापेक्षा चांगली माणसं आपल्याकडे आहेत. मी पडलो आकड्यांचा माणूस. पण मग ऑफिसच्या कपाटातली लाल कापडी बांधणीची वही आठवली. तिच्यावर २००१ साली मीच माझ्या अक्षरात लिहिलं होतं : 'गहाण नोंदवही'. कुठल्या फ्लॅटवर कुणाचं कर्ज, कधी घेतलं, कधी फिटलं, कधी एका ठिकाणाहून दुसरीकडे नेलं, हे सगळं तिच्यात आहे. आपल्या ६४ सदनिकांपैकी ५१ सदनिकांची नोंद त्या वहीत कधी ना कधी झाली. म्हणजे सोसायटीचा खरा इतिहास तिथेच आहे, असं मला वाटलं. त्या वहीत माझी एक चूकही आहे. तिच्याबद्दलही आज लिहिणार आहे.

आपल्या आधीची गोष्ट

आज पंचविशीतला मुलगा मोबाईलवर होम लोनची मंजुरी घेतो. आमच्या वडिलांच्या पिढीला हे सांगितलं असतं तर त्यांना खरं वाटलं नसतं. त्यांचं घर व्हायचं ते निवृत्तीच्या वेळी. प्रॉव्हिडंट फंड, गावच्या जमिनीचा तुकडा आणि आईच्या पाटल्या एकत्र करून. बँका कारखान्यांना कर्ज द्यायच्या. नोकरदाराला घरासाठी कोण देणार?

त्यावर पहिला मार्ग काढला तो सहकाराने. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली, ती रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या प्रयत्नांतून. आपल्यासारख्या सगळ्या सोसायट्यांची ती थोरली बहीण. पुढे महाराष्ट्र राज्य सहकारी गृहनिर्माण वित्त महामंडळ आलं. तेव्हा कर्ज एकेकट्या माणसाला नसायचं, अख्ख्या सोसायटीला मिळायचं. जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावाने गहाण. एकाने हप्ता चुकवला की बाकीच्यांच्या पोटात गोळा.

एकट्या माणसाला पगारावर घर घेता यावं, म्हणून १९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी सुरू केली. १९८८ मध्ये राष्ट्रीय आवास बँक आली, त्याच्या पुढच्या वर्षी एलआयसी हाउसिंग फायनान्स. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सरकारी आणि खासगी बँकाही या धंद्यात उतरल्या. बरोबर त्याच सुमाराला मुलुंड पूर्वेला आपल्या इमारतीचा पाया खणला जात होता.

पहिली पानं

आपली सोसायटी नोंदली गेली २००० साली. त्याआधी बिल्डरने प्रत्येकाकडून फ्लॅटच्या किमतीशिवाय वेगळे पैसे घेतले होते : सोसायटी स्थापन करण्याचा खर्च, शेअरचे पैसे आणि वर्षभराचा कर व देखभाल आगाऊ. आम्ही निमूटपणे दिले. चार्ज घेताना आमच्या पहिल्या कमिटीने हिशोब मागितला तर उत्तर आलं, "अहो, ते खर्च झाले."

तेव्हा अ विंगमधल्या वकील काकांनी 'मोफा' काढून दाखवला. १९६३ चा महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा, कलम ५. शेअरसाठी, करासाठी आणि इतर देण्यांसाठी घेतलेला पैसा बिल्डरने बँकेत वेगळ्या खात्यात ठेवायचा, ज्या कामासाठी घेतला त्याच कामाला वापरायचा. म्हणजे तो पैसा बिल्डरच्या हातात असला तरी आपलाच. दीड वर्ष पत्रव्यवहार केला, तेव्हा कुठे त्यातला काही भाग सोसायटीच्या खात्यात आला. सगळा आला नाही. कारण पावत्या सगळ्यांकडे नव्हत्या. दुसऱ्याच्या हातात ठेवलेला आपला पैसा परत मिळतो तो मागणाऱ्याला आणि कागद दाखवणाऱ्याला. हा धडा मी तेव्हा शिकलो आणि पाच वर्षांत विसरलोही. ते पुढे येईलच.

माझं स्वतःचं कर्ज होतं ५ लाखांचं, १३ टक्क्यांनी, १५ वर्षांसाठी. हप्ता ६,३२६ रुपये. कर्ज देणाऱ्या कंपनीने छत्तीस कोरे चेक पुढच्या तारखा घालून सही करून घेतले. एका बैठकीत छत्तीस सह्या! हात दुखायला लागला तेव्हा कर्ज म्हणजे काय ते समजलं.

दर उतरले, दर चढले

२००४ साली कर्जाचे दर ८ टक्क्यांच्या आसपास उतरले. आमच्या मजल्यावर रोज संध्याकाळी तोच विषय. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चार वर्षांत ४८ हप्ते म्हणजे तीन लाखांवर पैसे भरून झाले होते, आणि मुद्दल अजून ४ लाख ४३ हजार शिल्लक! जेमतेम ५७ हजार फिटले होते. बायको म्हणाली, "अहो, मग बाकीचे गेले कुठे?" व्याजात गेले. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यातला मोठा घास व्याजच खातं.

तेवढीच रक्कम उरलेल्या ११ वर्षांसाठी ८ टक्क्यांनी दुसरीकडे नेली तर हप्ता येत होता ५,०५८ रुपये. महिन्याला १,२६८ रुपये वाचत होते. पण जुन्या कंपनीला वेळेआधी पैसे फेडण्याचा दंड द्यायचा होता, शिल्लक रकमेच्या २ टक्के, म्हणजे ८,८६२ रुपये. सात महिन्यांत दंड वसूल, त्यापुढे फायदा. नव्या ठिकाणच्या प्रोसेसिंग फीचे आणखी दोन-तीन महिने धरा. मी कर्ज हलवलं. जाताना न वापरलेले चेक मोजून परत घेतले, तेवढी अक्कल मला होती.

माझं बघून त्या दोन वर्षांत आपल्या सोसायटीतून सतरा कर्जं हलली. प्रत्येक वेळी सोसायटीचं ना-हरकत पत्र लागायचं आणि ते खजिनदार म्हणून मीच टाईप करायचो.

मग चाक उलटं फिरलं. नवं कर्ज बदलत्या दराचं होतं. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर जुलै २००८ मध्ये ९ टक्क्यांवर गेला आणि आपले दरही चढले. हप्ता मात्र तोच राहिला, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. वाढत होते ते हप्ते. एक उदाहरण देतो. सव्वातीन लाख शिल्लक आहेत, ८ टक्क्यांनी ८४ हप्ते उरलेत. दर साडेअकरा झाला आणि हप्ता तेवढाच ठेवला, तर ८४ चे १०० हप्ते होतात. सोळा महिने वाढतात आणि कुणी आपल्याला विचारतही नाही. आमच्यापैकी कित्येकांना हे निवृत्ती जवळ आल्यावर कळलं.

दंडाची कटकट मिटायला २०१२ उजाडलं. दामोदरन समितीच्या शिफारशीनंतर जून २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की, बदलत्या दराच्या गृहकर्जावर बँकांनी वेळेआधी फेडण्याचा दंड घ्यायचा नाही. गृहवित्त कंपन्यांना राष्ट्रीय आवास बँकेने असंच आदल्या वर्षी सांगितलं होतं. त्यानंतर कर्ज हलवणं स्वस्त झालं, पण फुकट झालं नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून कागदपत्रं ठेवून घेतलेल्या कर्जाची नोटीस निबंधकांकडे द्यावी लागते. कर्ज नव्या बँकेकडे गेलं की स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणीचा खर्च पुन्हा आलाच.

दर ठरवायच्या पद्धतीही बदलत गेल्या. २०१० मध्ये बेस रेट, २०१६ मध्ये एमसीएलआर, आणि ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधलेली. जुनं कर्ज आपोआप नव्या पद्धतीत जात नाही, अर्ज करावा लागतो. म्हणून तरुण मंडळींना माझं सांगणं असतं, दुसऱ्या बँकेच्या दारात जाण्याआधी आपल्याच बँकेत विचारा. पुष्कळदा थोड्याशा फीमध्ये काम होतं.

एडिसनचा चेक

आता जरा लांबची गोष्ट सांगतो. पण ती आपल्या मेंटेनन्स बिलाशी येऊन मिळते.

माझी मुलगी न्यू जर्सीत एडिसनला असते. २०१८ साली त्यांनी साडेचार टक्क्यांनी तीस वर्षांचं कर्ज काढून घर घेतलं. कोविडमध्ये तिकडचे दर कोसळले. जानेवारी २०२१ मध्ये तीस वर्षांच्या कर्जाची सरासरी २.६५ टक्क्यांपर्यंत आली. इतकी खाली ती त्याआधी कधीच आली नव्हती. मुलीने आणि जावयांनी कर्ज बदललं, तिकडे त्याला रिफायनान्स म्हणतात. महिन्याभराने तिचा फोन आला, "बाबा, गंमत झाली. जुन्या कंपनीने आम्हालाच तीन हजार डॉलरच्या आसपास चेक पाठवलाय. एस्क्रो रिफंड!"

मी म्हटलं, कर्ज देणारा उलट पैसे देतो? मला कागद पाठव. रात्रभर वाचले. लॉकडाऊनमध्ये दुसरा उद्योग तरी काय होता.

प्रकार असा. तिथल्या हप्त्यात मुद्दल आणि व्याजाबरोबर घरपट्टी आणि घराच्या विम्याचा बारावा भागही दर महिन्याला घेतात. तो पैसा कर्ज सांभाळणारी कंपनी वेगळ्या खात्यात ठेवते आणि वेळ आली की कर आणि विमा परस्पर भरते. ते खातं म्हणजे एस्क्रो. ही पद्धत रुजली ती १९३० च्या महामंदीतून. तेव्हाची कर्जं तीन-पाच वर्षांची असायची, शेवटी सगळं मुद्दल एकदम. लोकांच्या नोकऱ्या गेल्या, मुद्दल थकलं, घरपट्टीही थकली आणि घरं लिलावात निघाली. १९३३ मध्ये सरकारने एक महामंडळ काढलं आणि सुमारे १० लाख घरांची बुडती कर्जं लांब मुदतीच्या, सोप्या हप्त्यांच्या नव्या कर्जांत बदलून दिली. म्हणजे रिफायनान्सने त्या पिढीची घरं वाचवली. पाठोपाठ १९३४ मध्ये गृहकर्जाच्या हमीची सरकारी योजना आली आणि कराचे पैसे महिन्याच्या महिन्याला गोळा करण्याची शिस्त बसली.

मी हे वाचता वाचता हसलो. म्हटलं, अगं, हे तर आपलं मेंटेनन्स बिल! मुंबईत घरपट्टीचं बिल सोसायटीच्या नावाने येतं, आपण ते मेंटेनन्समधून थोडं थोडं घेतो आणि महापालिकेला एकदम भरतो. पंचवीस वर्षं मी एस्क्रोच चालवत होतो की!

आता तो चेक. कर्ज फिटलं की उरलेली एस्क्रोची रक्कम कंपनीने शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून २० दिवसांत परत करायची, असा तिथला नियम आहे. जावईबापूंनी त्या पैशांत नवा टीव्ही घ्यायचं ठरवलं होतं. मी मुलीला विचारलं, "नवं कर्ज घेताना तुम्ही नव्या कंपनीच्या एस्क्रोत किती भरले?" तिने बघितलं. जवळपास तेवढेच! म्हणजे बक्षीस वगैरे काही नव्हतं. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात ठेवलेला त्यांचाच पैसा, फक्त मधे महिना गेलेला.

पण खरी गडबड पुढे होती. न्यू जर्सीत घरपट्टी वर्षातून चारदा भरतात, त्यातला एक हप्ता १ फेब्रुवारीला. जुन्या कंपनीने जाता जाता तो भरला होता, आणि नवं कर्ज उघडताना मधल्या एजंटनेही तोच हप्ता यांच्याकडून घेऊन भरला. एकच कर दोनदा! मुलीने टाऊनच्या कर कार्यालयात फोन केला, दोन्ही पावत्या पाठवल्या, तेव्हा पैसे परत आले. पावत्या बघितल्या नसत्या तर? कुणी घरी येऊन सांगणार नव्हतं.

फोन ठेवताना ती म्हणाली, "बाबा, नवीन कर्ज घेताना सगळे हात धरून नेतात. जुनं बंद करताना आपण एकटेच असतो." हे तिचं वाक्य मला झोंबलं, कारण तोवर आपल्या सोसायटीत एक गोष्ट घडून गेली होती.

माझी चूक

हे मी संबंधित वहिनींची परवानगी घेऊन लिहितो आहे.

२००५ साली ब विंगमधल्या एका सभासदांनी कर्ज एका कंपनीकडून दुसरीकडे नेलं. मी नव्या कंपनीच्या नावाने ना-हरकत पत्र दिलं आणि वहीत दुसरी ओळ लिहिली. पहिली ओळ मात्र तशीच ठेवली. जुन्या कंपनीचं 'आमचं काही येणं नाही' हे पत्र मागायला हवं होतं, ते मागितलं नाही. ओळखीचे गृहस्थ, रोज संध्याकाळी बरोबर फिरायला जाणारे. कशाला उगाच अडवा?

२०१४ मध्ये त्यांचं कर्ज पूर्ण फिटलं. आम्ही पेढेही खाल्ले. २०१६ मध्ये ते गेले. पुढच्या वर्षी वहिनींनी फ्लॅट विकून नाशिकला मुलीजवळ राहायचं ठरवलं. गिऱ्हाईक मिळालं, टोकन आलं. गिऱ्हाइकाच्या बँकेच्या वकिलांनी सोसायटीकडे गहाण नोंदींचा उतारा मागितला आणि त्यात दोन बोजे निघाले. बरं, मूळ करारनामा कुठे आहे? दुसऱ्या कंपनीने दाखवलेल्या यादीत करारनाम्यापुढे 'झेरॉक्स' असं लिहिलेलं. खाली त्यांची सही, न वाचता केलेली. पहिली कंपनी म्हणाली, आम्ही तेव्हाच पाठवून दिला. तो करारनामा कुठे गेला ते आजही माहीत नाही.

कुणाला वाटेल, एका कागदाचं एवढं काय? पण आपल्याकडे गहाणाची पद्धतच कागदावर उभी आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने मुंबई, कोलकाता, चेन्नईसारख्या शहरांत मालकीची मूळ कागदपत्रं सावकाराकडे ठेवली की गहाण झालं, असं मानलं. घराला कुलूप नाही, ताबा नाही, फक्त कागद त्याच्या कपाटात. त्यामुळे मूळ कागद हातात नसला की खरेदीदाराला पहिली शंका तीच येते, हा अजून कुणाकडे गहाण तर नाही?

वहिनी सत्तरीच्या जवळ आलेल्या. पोलीस ठाण्यात कागद हरवल्याची तक्रार, दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस, निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत, नुकसानभरपाईचं हमीपत्र, आणि जुन्या कंपनीचं येणं नसल्याचं पत्र. तिची शाखा दोनदा हललेली. चौदा महिने लागले. पहिलं गिऱ्हाईक तिसऱ्या महिन्यातच टोकन परत घेऊन गेलं. दुसरं आलं ते कमी भावाने. मी त्यांच्याबरोबर प्रत्येक कार्यालयात गेलो. एकदा जिन्यात बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, कर्ज तर फिटलं होतं ना हो?" मला उत्तर देता आलं नाही. त्या एका ओळीसाठी मी २००५ मध्ये एक पत्र मागितलं असतं, तर करारनामा कुठे आहे हा प्रश्न तेव्हाच निघाला असता. ते स्वतः हयात होते, दोन्ही कंपन्यांच्या फायली ताज्या होत्या.

२०१८ च्या वार्षिक सभेत मी हे उभं राहून सांगितलं. कुणी काही बोललं नाही. मग वहिनींच्याच शेजारच्या ताईंनी ठराव मांडला की, जुन्या कर्जाचं ना-देय पत्र वहीला जोडल्याशिवाय नव्या कर्जासाठी ना-हरकत द्यायची नाही. सभेत तो एकमताने मंजूर झाला. गेल्या सात वर्षांत या ठरावावरून माझ्यावर चिडलेले सभासद आहेत, ते वाचत असतील. राग नसावा.

आजचं पान

पुढे कायदाही आपल्या बाजूला आला. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये आदेश काढला की, कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची. कर्ज देणाऱ्याच्या दोषाने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये कर्जदाराला द्यायचे. कागद त्यांच्याकडून हरवले तर प्रमाणित प्रती मिळवून द्यायला मदत करायची आणि खर्चही सोसायचा. कर्जदार गेला असेल तर वारसांना कागद कसे मिळतील, याची पद्धत ठरवून ठेवायची. १ डिसेंबर २०२३ पासून हे लागू आहे. वहिनींच्या वेळी हे असतं तर, असं मनात येतंच.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमधल्या दुसऱ्या आदेशाने दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याचा हक्कही कर्जदाराला मिळाला. आमचे सोळा महिने गुपचूप वाढले, तसे तुमचे वाढू देऊ नका.

२०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर साडेसहावरून साडेपाचवर आला. त्यामुळे कर्ज हलवण्यासाठीचे अर्ज पुन्हा ऑफिसात यायला लागलेत. नव्या खजिनदार मॅडम हुशार आहेत, त्यांना माझी गरज नाही. तरी म्हातारपणाच्या हक्काने चार गोष्टी सांगतो. कर्ज घेताना दिलेल्या कागदांची यादी बघा, प्रत्येकापुढे 'मूळ' की 'झेरॉक्स' ते वाचा आणि मगच सही करा. कर्ज हलवताना जुन्या ठिकाणी शिल्लक राहिलेला जादा हप्ता, न वापरलेले चेक, कर्जाबरोबर घ्यायला लावलेल्या विमा पॉलिसीचे परत मिळण्याजोगे पैसे, हे सगळं लेखी विचारा. सरसाईच्या नोंदीतून आणि निबंधकांकडच्या नोंदीतून बोजा उतरला का ते बघा. आणि ना-देय पत्राची एक प्रत सोसायटीत आणून द्या.

हा लेख लिहिण्यासाठी वही पुन्हा चाळली. ५१ पैकी ३८ सदनिकांच्या नोंदींवर लाल रेघ आणि 'बोजा उतरला' असा शेरा आहे. नऊ कर्जं चालू आहेत. उरलेल्या चार सभासदांची कर्जं माझ्या माहितीप्रमाणे केव्हाच फिटलीत, पण पत्र आलेलं नाही. नावं इथे छापत नाही, तुम्हाला ठाऊक आहेत. रौप्यमहोत्सवाच्या समारंभाला याल तेव्हा पत्र घेऊन या. वही आणि लाल पेन घेऊन मी ऑफिसात बसलेला असेन.

— एक माजी खजिनदार, अ विंग